अकरा शेरे

"कंसमावशी, तुमचं गाडं अडलं बघा," चहाचा कप घेऊन माझ्या मागून जाता जाता शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला म्हणाला.

अडलं होतं खरं. पडद्यावर एक लाल ओळ येऊन उभी राहिली होती आणि बाकी सगळं थांबलं होतं.

ऑफिसात मला कंसमावशी म्हणतात. तोंडावरही म्हणतात, कारण मला राग येत नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय. सव्वीस वर्षं मी प्रोग्राम लिहितेय आणि त्यातली निम्मी तरी कंस जुळवण्यात गेली असतील. उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं ओमफस. बाकीचे ते काम कॉम्प्युटरवर सोपवून मोकळे होतात. मी अजून पडद्यावर बोट ठेवून मोजते.

त्या दिवशीचं काम निव्वळ हमालीचं होतं. एका लिफ्टच्या कंपनीसाठी आम्ही पूर्वी बांधलेला सर्व्हर बंद करायचा होता आणि त्यावरचं सामान नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं. त्या कंपनीचे मिस्त्री शहरातली एकेक लिफ्ट महिन्यातून एकदा तपासतात, फोनवरच्या ॲपमध्ये माहिती भरतात, ती आमच्या एपीआयकडे, म्हणजे माहिती आत घेणाऱ्या खिडकीकडे, येते आणि आमचा प्रोग्राम ती जागच्या जागी लावून ठेवतो. नवा प्रोग्राम नीट चालतो की नाही हे बघायला मी जुन्या रिक्वेस्ट, म्हणजे फोनवरून आलेली एकेक तपासणी, जशाच्या तशा त्यातून पुन्हा सोडत होते. येणाऱ्या प्रत्येक रिक्वेस्टची नक्कल सर्व्हरच्या दाराशीच ठेवून घ्यायची सोय नेटवर्कवाल्यांनी पूर्वीच केली होती. त्या नकला कोणी कधी उघडत नसे. सकाळपासून लाखभर रिक्वेस्ट सुरळीत गेल्या आणि पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका तारखेशी येऊन गाडं थांबलं.

नवा प्रोग्राम कडक आहे. ओळखीची नसलेली एकही गोष्ट दिसली की पाय रोवून उभा राहतो. मीच तो तसा लिहिलाय. जुना तसा नव्हता. तोही मीच लिहिला होता.

लाल ओळ म्हणत होती: तपासणी, तिच्या आत लिफ्ट, लिफ्टच्या आत भाग, भागांपैकी तिसरा, आणि त्याच्या आत शेरा. हा शेरा इथे कसा? मी याला ओळखत नाही.

हे जरा उलगडून सांगायला हवं. माझ्या आईला किल्ली लपवायची सवय आहे. मोठ्या डब्यात मधला डबा, मधल्यात छोटा, छोट्यात सुईदोऱ्याची डबी आणि त्या डबीत किल्ली. फोनवरून येणारी माहिती तशीच डब्यात डबा घालून येते. आमच्यात त्याला जेसन म्हणतात आणि डब्याच्या जागी महिरपी कंस असतात. बाहेरच्या डब्यात तारीख आणि मिस्त्रीचा नंबर, त्याच्या आत लिफ्टचा डबा, त्यात लिफ्टच्या एकेका भागाचा डबा: दार, दोर, ब्रेक, दिवे. उघडणाऱ्याला आधी सांगून ठेवावं लागतं की कुठल्या डब्यात काय असेल. जुन्या प्रोग्रामला मी सांगितलं होतं की मिस्त्रीने लिहिलेला शेरा लिफ्टच्या डब्यात असेल, तिथून उचल. आणखीही एक सांगितलं होतं. ओळखीचं नसेल ते सोडून दे, थांबू नकोस, आणि फोनला मिळालं म्हणून कळव. मिळालं म्हटलं की मिस्त्रीच्या फोनवर हिरवी खूण यायची. मग फोन स्वतःकडचं सगळं पुसून टाकायचा, जागा अडायला नको म्हणून.

आणि हा शेरा लिफ्टच्या डब्यात नव्हता. आणखी एक डबा आत, ब्रेकच्या डब्यात होता.

मी तो उघडला.

"लिफ्टची गाडी मजल्याच्या दोन बोटे खाली थांबते. ब्रेकचे लायनिंग बघावे. प्रत्येक भागाला लिहायला वेगळी जागा दिली त्याबद्दल आभार."

मी खुर्ची मागे सरकवली. दाढीवाला तिकडून म्हणाला, "काय हो, भूत बघितलंत काय?" मी त्याला काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. इमारतीचा नंबर बघायची मला गरजच नव्हती. बोटांनी मोजणारा एकच मिस्त्री मी आयुष्यात पाहिला होता.

पाच वर्षं मी लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे. लोकांना वाटतं मावशी तब्येत राखून आहेत, आणि मी तसं वाटू देते. लिफ्ट थांबल्याची घंटा वाजली की माझी नजर आधी खाली जाते, उंबऱ्याकडे. गाडी आणि मजला एका रेषेत आहेत ना, ते बघायला.

त्या मिस्त्रींना मी दोनदाच भेटले होते. पहिल्यांदा ॲप शिकवायला आम्ही त्यांच्या कंपनीत गेलो तेव्हा. चाळीसएक मिस्त्री बसले होते, बहुतेक फोनशी खेळत होते. हे एकटे पुढच्या बाकावर वही उघडून बसले होते. पन्नाशीचे, शर्टाची वरची गुंडी लावलेली. सगळं संपल्यावर त्यांनी हात वर केला.

"मॅडम, लिहायला जागा एकच दिलीत. दार, दोर, ब्रेक सगळं त्यात कोंबायचं म्हणजे वाचणारा गोंधळणार. प्रत्येक भागाखाली वेगळी जागा द्या."

"इतकं काय लिहायचं असतं हो तुम्हाला?" मी हसून विचारलं.

त्यांनी पंजा आडवा धरला. "हे बघा. गाडी मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली तर चालून जातं. चार बोटं म्हणजे ब्रेकचं काम काढा. हे कळवायला नको?"

मागच्या बाकांवरून कोणीतरी म्हणालं, "लिहा लिहा, कादंबरी लिहा!" सगळे हसले. तेही हसले आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. फोनचं ॲप करणाऱ्यांनी महिन्याभरात बदल केला आणि नवं ॲप पहिल्यांदा याच मिस्त्रींच्या फोनवर घातलं, मग बाकीच्यांच्या. मला मेल आला होता. विषय होता "ॲपमध्ये किरकोळ बदल". मी तो उघडला, वरच्या दोन ओळी वाचल्या, पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. तो पुढचा आठवडा काही आला नाही. काही बंद पडलं नाही, कोणी बोंब मारली नाही, मग मला तरी आठवणार कशावरून? जुना प्रोग्राम बिचारा सांगितल्याप्रमाणे वागत राहिला.

अकरा महिन्यांनी एका जुन्या इमारतीत पडदे शिवणाऱ्या एक बाई खिडक्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. सहाव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांचा एक पाय आत आणि एक बाहेर होता. गाडी ब्रेकने धरलीच नाही. ती खाली घसरली.

त्यापुढचं मी लिहीत नाही.

चौकशी बसली. मिस्त्री म्हणाले, मी दर महिन्याला लिहून कळवत होतो. चौकशी अधिकाऱ्याने आम्हाला विचारलं, त्या लिफ्टबद्दल तुमच्या यंत्रणेकडे काय आहे? मी बघितलं. शेऱ्याचा रकाना अकरा महिने कोरा. लिफ्ट चालू आहे का, या प्रश्नापुढे अकरा वेळा "हो". लिफ्ट चालू होतीच की, म्हणून त्यांनी हो लिहिलं होतं. पण कोऱ्या रकान्याशेजारी ते अकरा हो फार वाईट दिसत होते.

दाराशी ठेवलेल्या नकलांचं मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू. पण त्या मागवायच्या तर अर्ज करायचा, सह्या घ्यायच्या, तीन दिवस थांबायचं, आणि अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता. शेजारच्या लिफ्टचा रकाना जरी उघडला असता तरी कळलं असतं, कारण त्या अकरा महिन्यांत सगळ्याच मिस्त्रींचे शेरे गायब होते. मला एका लिफ्टचं विचारलं होतं, मी एका लिफ्टचं बघितलं. "सदर लिफ्टबाबत एकही शेरा आलेला नाही," असं लिहून मी खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात मिस्त्री उभे होते.

"मॅडम, एक मिनिट."

"बोला."

"परत एकदा बघाल का? मी लिहिलं होतं. पाठवल्यावर हिरवी खूण पण यायची."

"मिस्त्री, मी स्वतः बघितलंय. काही आलेलं नाही."

"अकरा वेळा लिहिलंय हो. अकरा वेळा कसं विसरेल कोणी?"

मला घरी जायची घाई होती. आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. "माणूस विसरतो, मिस्त्री," मी म्हणाले. "मशीन विसरत नाही."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग माझ्या मागे भिंतीकडे. आपण खरंच लिहिलं होतं की नाही, ते आठवायचा प्रयत्न करत होते.

तो चेहरा घेऊन मी पाच वर्षं जिने चढतेय. आपण एका गरीब माणसाशी तुसडेपणाने बोललो, एवढंच माझ्या मनाला लागलंय, असं मी स्वतःला समजावत असे. त्याचं म्हणणं खरं असेल ही शंका मी कधी येऊच दिली नाही. आली असणार. म्हणून तर जिने.

दुपारपर्यंत मी सगळे अकरा काढले. दोन बोटे. अडीच बोटे, स्प्रिंग ताणली आहे, तात्पुरते. तीन बोटे. स्प्रिंग आणखी ताणायला जागा नाही. सातव्या महिन्यात, "चार बोटे. लायनिंग बदलणे. मागेही लिहिले आहे." नवव्यात, "कृपया कोणीतरी वाचावे." आणि शेवटचा, अपघाताच्या सहा दिवस आधीचा: "गाडी वीतभर खाली जाते. लिफ्ट बंद ठेवण्याची परवानगी मिळावी. फोनवर सांगितले तर ॲपमध्ये लिहा म्हणतात. लिहिले आहे."

इतर मिस्त्रींचेही होते, चार हजारांच्या वर. दिवा गेला. बटण सैल. आरशाला तडा. ते कोणी न वाचल्याने काही बिघडलं नव्हतं. अपघातानंतर कंपनीने दुसऱ्याकडून ॲप करून घेतलं, त्यात शेरा पुन्हा लिफ्टच्या डब्यात आला, आणि ते भोक कोणाला न दिसताच बुजून गेलं.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट नाहीत. त्यांनी चष्मा लावून सगळे अकरा वाचले, चष्मा काढला, पुसला.

"पाच वर्षं झाली, मॅडम."

"हो."

"तो माणूस पण आता सावरला असेल. उगाच खपली काढायची."

"त्याचं काम गेलं, साहेब. लायसन्स गेलं."

"गेलं ते वाईटच झालं. पण जुना सर्व्हर पंधरा तारखेला पुसणार आहोत. या नकला पण जातील. नियमाप्रमाणेच जातील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अहवालावर सही तुमची आहे. माझी नाही, कंपनीची नाही. तुमची. हे तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"माहितेय मला कोणाची आहे ते."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. "मी तुम्हाला अडवणार नाही," ते म्हणाले. "फक्त मला विचारलं होतं असं कुठे लिहू नका."

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात डबे मांडून बसली होती. किल्ली सापडत नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि एकेक झाकण उघडता उघडता तिला सगळं सांगितलं. आईला माझं काम कळत नाही असं आम्ही दोघी धरून चालतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे किल्ली डबीत होती," ती म्हणाली, "आणि तू मधल्या डब्यात बघून नाही म्हणालीस."

"हो."

"आणि वर त्या बाबालाच विसराळू ठरवलंस."

 एवढ्या वेळात पहिल्यांदा मला रडू आलं आणि ते काही केल्या आवरेना. आई डबे बाजूला सारून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला बेचाळीस वर्षांनी लहान करणारा हात आहे तो.

"आता काय करणार आहेस?"

"चौकशी कार्यालयाला पत्र पाठवते. त्यांनाही एक पाठवते."

"पत्र पाठवतेस!" आई एकदम कडाडली. "त्यानेही पाठवलंच होतं की, अकरा वेळा. स्वतःच्या पायांनी जा आणि समोर बसून वाचून दाखव. तोंड चुकवू नकोस."

म्हणून मी आधी चौकशी कार्यालयात गेले. तो अधिकारी बदलून गेला होता. नवा म्हणाला, ठेवून जा, बघतो. मी म्हटलं, ठेवून जाणार नाही, आत्ता वाचा. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं. पण वाचलं. नवव्या शेऱ्यानंतर त्याने दार लावून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. प्रकरण पुन्हा उघडेल, वेळ लागेल, तुमच्यावरही येईल, म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे.

रविवारी सकाळी मी मिस्त्रींकडे गेले. तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. दार त्यांच्या बायकोने उघडलं. हात ओले होते, पदराला पुसत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही त्या चौकशीतल्या ना?"

"हो."

"आता काय राहिलंय?"

"मिस्त्रींना भेटायचंय. माझी चूक झाली होती, ती सांगायला आलेय."

त्या आडव्याच उभ्या राहिल्या. मग आतून आवाज आला, "कोण आहे?" आणि त्या बाजूला झाल्या.

खोली लहान आणि लख्ख होती. एक पलंग, खिडकीशी टेबल, भिंतीवर फळी. फळीवर सगळ्या वह्याच. पाठीवर नंबर घातलेल्या, एकापासून सत्तावन्नपर्यंत. मिस्त्री टेबलाशी बसले होते. वाळले होते. शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांनी मला ओळखलं नाही.

"बसा हं," ते म्हणाले. "एवढं लिहून घेतो."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: "१०.४०. दार वाजले. एक बाई आल्या." वही बायकोपुढे धरली. बायकोने सवयीने पेन घेतलं, ओळीच्या टोकाला सही केली. तिच्या वरच्या ओळी मला दिसल्या. "९.५५. गॅस बंद केला." सही. "१०.१०. गोळी घेतली." सही. "१०.१२. गॅस बंद आहे." सही.

"चौकशी झाल्यापासून असंच," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आपलं काही खरं नाही, आपण करतो आणि समजतो केलं नाही, आपण करत नाही आणि समजतो केलं, असं म्हणतात. माझी सही असली की मग जरा शांत बसतात."

  मी पिशवीतून कागद काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

"मिस्त्री, हे तुम्ही लिहिलेले शेरे. अकरा आहेत."

ते एकेक ओळीखाली बोट ठेवत वाचू लागले. पहिल्या कागदावर आभार होते तिथे बोट थांबलं.

"हे मी लिहिलंय?"

"तुम्हीच."

"अक्षर माझं नाही."

"फोनवर लिहिलं होतंत. म्हणून छापील दिसतंय."

"हां. फोनवर." पुढचा कागद. पुढचा. सातव्यावर आल्यावर त्यांनी डाव्या हाताची चार बोटं कागदाच्या कडेला टेकवली, आडवी, मोजून बघावीत तशी. बायको त्यांच्या खांद्यामागून वाचत होती. तिचे ओठ हलत होते.

शेवटचा वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मग गाडी बंद का नाही केली कोणी?"

"कोणी वाचलंच नाही."

"का?"

"शेरे पोचत होते. उघडणाऱ्याला मी चुकीची जागा सांगून ठेवली होती. तिथे काही सापडलं नाही तरी मिळालं म्हणून कळव, असंही मीच सांगितलं होतं."

"म्हणजे ती हिरवी खूण..."

"मी लावलेली. तिला काही अर्थ नव्हता."

बाई पुढे आल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तो घट्ट झाला. "हा माणूस पाच वर्षं माझ्या सहीशिवाय पाणी पीत नाही, बाई. मी कधी मेले तर याचं काय, या विचाराने माझ्या जीवाला घोर लागलाय. आणि तुम्ही सांगता, मी लावलेली!"

"हो," मी म्हणाले. "माफ करा असं म्हणायचीही मला लाज वाटते. चौकशी कार्यालयात सगळं देऊन आलेय. पुन्हा चौकशी होईल. मी काय केलं ते मी त्यांच्यासमोर सांगणार आहे."

मिस्त्रींनी हात वर केला, तसाच, शिकवणीच्या दिवशी केला होता तसा. 

"मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही."

"अकरा वेळा."

"अकरा वेळा."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल म्हणून मी बघत होते. समाधान, राग, काहीही. ते खिडकीकडे बघत होते. "लिहून सुद्धा त्या पडदेवाल्या बाई गेल्याच की," ते म्हणाले. "मी आपला विसरलो म्हणून गेल्या असं धरून होतो. आता तेही नाही. वीतभर खाली जाते हे माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. दाराला कुलूप घालायचं, परवानगी गेली उडत. मी लिहीत बसलो."

 खालून कोणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि फळीवर सत्तावन्न नंबरच्या वहीशेजारी उभे ठेवले.

मी निघायला उठले तेव्हा मिस्त्रींनी वही पुढे ओढली. घड्याळ बघितलं. सावकाश लिहिलं: "११.२५. मॅडम आल्या होत्या. कागद दिले. अकरा. मी लिहिले होते." वही फिरवून त्यांनी ती माझ्यापुढे केली आणि पेनही.

 मी सही केली.

"नाव पूर्ण घाला," ते म्हणाले. "तारीख पण."

मी पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं.

जिन्यात आले. एक मजला उतरून वळणावर पिशवीची चेन लावायला थांबले. वर दार अजून लागलेलं नव्हतं. मिस्त्रींचा आवाज आला.

"ऐकलंस का? त्या मॅडम खरंच आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या हो," बाई म्हणाल्या. "ही बघा ना सही."